चावी कुठे आहे?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, वयाच्या ५४ व्या वर्षी तारकर्लीला स्कूबा शिकले आणि त्यानंतर डायव्हिंगमध्ये इजा झालेल्या माणसाला तातडीचा ऑक्सिजन कसा द्यायचा, याचाही कोर्स केला. त्यावर पत्रांचा एवढा ढीग येईल असं वाटलं नव्हतं. निम्मी पत्रं काळजीची, चार-पाच टिंगलीची, आणि एक माझ्या थोरल्या जावेचं. तिला घरीच उत्तर दिलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सोलापूरच्या एका रुग्णालयात भूल विभागाची तंत्रज्ञ म्हणून २९ वर्षं काढली. बॉइल्स मशीन, म्हणजे भूल द्यायचं यंत्र, लावणं, सिलिंडर बदलणं, मास्क धरणं हे माझं काम. पोहायला शिकले ती मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. बाकी ओळख उत्तरांतून होईलच.

प्रश्न : ताई, आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि तुम्ही डायव्हरला ऑक्सिजन द्यायच्या गोष्टी करताय. सोलापूरकरांना हे कशाला? (साखर पेठ)

टोमणा पोचला. पण दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या जेटीजवळ उभं राहून एमएच १३ च्या गाड्या मोजा. पाण्याची हौस पाणी नसलेल्या गावालाच जास्त, हे मी स्वतःवरून सांगते.

आता माझी गोष्ट. कोर्स करण्याआधीची. आम्ही सहा जण एका बोटीवर होतो. कुठली, कोणाची, ते सांगत नाही. आमच्यातल्या एका पंचविशीतल्या मुलाचे दोन दिवसांत पाच डाइव्ह झाले होते आणि शेवटच्या खेपेला तो जरा घाईनेच वर आला होता. वर येऊन पाऊण तास झाला असेल. तो डावा खांदा चोळत बसला होता. टाकी उचलताना लचकला म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मावशी, बोटांना मुंग्या येतायत."

टपाखाली एक छोटं सिलिंडर दोरीने बांधलेलं होतं. काळं अंग, पांढरा खांदा, बी टाइप. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सिलिंडर उघडायची चावी मागितली. बोटीवरच्या पोऱ्याने पत्र्याचा डबा उघडला. त्यातून गळ निघाले, पक्कड निघाली, बिस्किटाचा अर्धा पुडा निघाला. चावी काही निघाली नाही. शेवटी इंजिनाचा पाना लावून स्पिंडल फिरवलं, तर सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधून फुस्स करून ऑक्सिजन बाहेरच जायला लागला. परत बंद केलं. आतला वॉशरच गायब होता. रुपयापेक्षा लहान चकती. पोऱ्या हुशार. म्हणाला, "सायकलची ट्यूब कापून घालू का?" मी त्याच्यावर ओरडले. दीडशे किलोच्या दाबाचा ऑक्सिजन असल्या रबराला नुसता लागला तरी ते पेट घेऊ शकतं. त्या पान्याला इंजिनाचं ऑइल होतं, हे मात्र माझ्या रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. तेलही तसंच पेट घेतं. मग कसली झोप.

किनारा ४० मिनिटांवर होता. तो मुलगा ४० मिनिटं आडवा पडून साधी हवा घेत राहिला आणि हाताच्या अंतरावर भरलेलं सिलिंडर पडून होतं. किनाऱ्यावर १०८ आली, तिच्यात ऑक्सिजन मिळाला. पुढे दाबाच्या चेंबरमध्ये, म्हणजे आतल्या हवेचा दाब वाढवता येतो अशा बंद खोलीत, उपचार झाले. बोटं ताळ्यावर यायला महिना लागला.

बोटवाल्याला मी बोलायचं ते बोलले. पण २९ वर्षं रोज सकाळी पहिला पेशंट टेबलावर यायच्या आत सिलिंडर, चावी, वॉशर तपासणारी बाई बोटीवर चढताना मात्र काही न बघता खिडकीशेजारची जागा पकडून बसली होती. कोर्स मी त्या लाजेपोटी केला.

प्रश्न : मी नर्स आहे. कोविडमध्ये आम्ही ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला की ऑक्सिजन लावायचो. डायव्हरला ९८ असतानाही लावतात असं तुम्ही म्हणता. मग तो वाया नाही का जात? (अक्कलकोट रोड)

या प्रश्नासाठी तुम्हाला शेंगाची पोळी. मीही कोर्सच्या पहिल्या तासाला हेच विचारलं होतं.

कोविडच्या पेशंटला ऑक्सिजन कमी पडत होता, म्हणून आपण तो भरत होतो. डायव्हरच्या बाबतीत भानगड नायट्रोजनची. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, जवळजवळ सगळा उरलेला भाग नायट्रोजन. जमिनीवर तो आत जातो, बाहेर येतो, कोणाला काही बोलत नाही. समुद्रात दर १० मीटरला आणखी एका वातावरणाचा दाब वाढतो. २० मीटरवर माणूस तिप्पट दाबाची हवा घेत असतो, त्यामुळे नायट्रोजनही रक्तात, चरबीत, सांध्यांत, मज्जारज्जूत जास्त जास्त विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसावाटे गुपचूप निघून जातो. घाईने वर आलं, किंवा फार वेळ खाली राहिलं, की त्याचे शरीरातच बुडबुडे धरतात. सांध्यात धरले तर खांदा, कोपर, गुडघा ठणकतो. मज्जारज्जूत धरले तर मुंग्या, बधिरपणा, पाय लुळे पडणं, लघवी अडणं. या सगळ्याला डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात; डायव्हर मंडळी 'बेंड्स' म्हणतात.

होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा आठवा. संक्रांतीच्या रात्री आतली माणसं बाहेर पडायला बघतात आणि बाहेरचा रस्ताही माणसांनी भरलेला. मग कोण हलतंय? तोच रस्ता पोलिसांनी मोकळा केला की मैदान बघता बघता रिकामं. साधी हवा म्हणजे भरलेला रस्ता, तिच्यात आधीच ७८ टक्के नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन दिला की फुप्फुसात नायट्रोजन जवळपास उरतच नाही, आणि अंगातला झपाट्याने बाहेर पडायला लागतो. बुडबुडे लहान होतात. शिवाय बुडबुड्यामुळे जिथे रक्त नीट पोचत नाही तिथेही थोडा जादा ऑक्सिजन जातो. हे नवं नाही. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने नायट्रोजनचे बुडबुडे आणि त्यावर ऑक्सिजन, दोन्ही १८७८ साली लिहून ठेवलंय.

तेव्हा ९८ बघून मास्क काढायचा नाही. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन मोजतं, नायट्रोजन नाही. आणि दुसरं, तुम्हाला म्हणून सांगते : ऑक्सिजन लावल्यावर अर्ध्या तासात दुखणं गेलं, पेशंट म्हणाला मी बरा आहे, घरी जातो, तरी सोडू नका. लक्षणं परत येतात. ऑक्सिजन हा प्रथमोपचार. खरा उपचार दाबाच्या चेंबरमध्ये. त्यातला नेहमीचा एक आराखडा अमेरिकी नौदलाचा. १८ मीटर खोलीएवढ्या दाबापासून सुरुवात, मध्ये मध्ये साध्या हवेच्या सुट्ट्या देत ऑक्सिजन, सगळं मिळून पावणेपाच तास.

प्रश्न : आमचे आजोबा परसातल्या विहिरीत बुडी मारून तळाची घागर काढायचे. दम धरून खाली, दम धरून वर. त्यांना कधी काही झालं नाही. मग स्कूबावाले 'श्वास रोखू नका' म्हणून एवढं घाबरवतात का? (मोहोळ तालुका)

आजोबांना नमस्कार. पण त्यांनी दम धरला तो काठावरच्या हवेचा. तो खाली जाताना आकसला आणि वर येताना मूळ मापाचा झाला, जास्त नाही. स्कूबावाला खालीच, दाबातली हवा छातीभर घेतो. १० मीटरवर भरलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर त्या हवेला वर दुप्पट जागा लागते. फुप्फुस काही फुगा नाही. ते फाटतं, हवा रक्तात शिरते आणि थेट मेंदूकडे जाऊ शकते. माणूस वर येतो आणि १० मिनिटांच्या आत कोसळतो, बोलणं अडखळतं, एक बाजू लुळी पडते. बघणाऱ्याला वाटतं पक्षाघात.

याला फार खोली लागत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. जेमतेम मीटर-दीड मीटरवरून वर येतानाही हे होऊ शकतं. पर्यटकांना पाच-सहा मीटरवर नेऊन फोटो काढून आणतात, तिथे बेंड्सची भीती नगण्य. पण घाबरून श्वास कोंडून वर उसळी मारली, तर हा धोका आहे. तुमच्या पोरांना एवढंच सांगा : खाली असेपर्यंत श्वास चालू ठेव. प्रशिक्षकाने सांगितलेल्या बाकीच्या दहा गोष्टी विसरलास तरी चालेल.

प्रश्न : २०२१ मध्ये आईसाठी घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर धूळ खात पडलाय. आमचा डायव्हिंगचा ग्रुप आहे. तो बोटीवर नेला तर? आणि डायव्हरच्या पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर असतंच की, तेच तोंडाला लावता येणार नाही का? (जुळे सोलापूर)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण हा गैरसमज वर्तमानपत्रांनीच पसरवलाय. 'पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर बांधून' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता लाल पेन घेऊन बसते. त्या टाकीत साधी हवा असते. गाळलेली, कोरडी, दाबून भरलेली, पण हवाच. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी २० मीटरवर गेला, तर त्याला झटके येतील. सहा मीटरच्या खाली तो विषासारखा वागायला लागतो.

कॉन्सन्ट्रेटर माळ्यावरच राहू दे. घरगुती मशीन मिनिटाला पाच लिटर देतं, तेही ९० ते ९५ टक्क्यांचं, आणि त्याला वीज लागते. नाकातल्या नळीतून ते जाताना आजूबाजूची हवा मिसळून आणखी पातळ होतं. म्हणजे नायट्रोजन परत आलाच. आपल्याला हवाय १०० टक्क्यांच्या जितका जवळ जाता येईल तितका.

त्यासाठी सिलिंडर. बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर मावतो. पिशवीवाला मास्क, ज्याला नॉन-रिब्रीदर म्हणतात, तो मिनिटाला १५ लिटरवर चालवायचा. १५०० भागिले १५, म्हणजे १०० मिनिटं, तीही सिलिंडर काठोकाठ भरलेलं असेल तर. आता तुमची डाइव्हची जागा, तिथून किनारा, किनाऱ्यावरून दवाखाना, असा हिशेब मांडा. १०० मिनिटांत बसत नसेल तर दुसरं सिलिंडर. आमचा बहुतेक वेळा बसत नाही.

या मास्कची एक खोड आहे. तोंडावर लावण्याआधी आतल्या झडपेवर अंगठा ठेवून पिशवी टम्म फुगवून घ्यायची. हे न करता नुसता मास्क चढवलेला मी वॉर्डांतसुद्धा पाहिलाय. पिशवी चपटी, आणि पेशंट बाजूच्या भोकांतून साधी हवा ओढतोय. श्वास घेताना पिशवी पार बसत असेल तर फ्लो वाढवा.

दुसरा प्रकार डिमांड व्हॉल्व्हचा. त्यात पेशंट श्वास ओढेल तेव्हाच ऑक्सिजन येतो, मास्क घट्ट बसला तर जवळजवळ शंभर टक्के, आणि फुकट वाहून जात नाही. पेशंट शुद्धीवर असेल, शांत श्वास घेत असेल, तर हाच पहिला. तो महाग असतो, म्हणून पुष्कळ बोटींवर नसतो.

प्रश्न : कोर्समध्ये काय काय शिकवतात? डायव्हिंग येत नसेल तरी करता येतो का? सोलापुरात आहे का? (कॉलेजचा विद्यार्थी)

सोलापुरात मला कुठे मिळाला नाही. ज्या डाइव्ह शाळेत स्कूबा शिकणार असाल तिथेच विचारा. पाडी ही डायव्हिंग शिकवणारी संस्था आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, यांचे कोर्स जगभर चालतात. डॅन १९८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. पीटर बेनेट यांनी सुरू केली. डायव्हर असण्याची अट नाही. बोट चालवणाऱ्याने, काठावर थांबणाऱ्या बायकोनेही करावा. सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं, मात्र आधी शिकून घे, नाहीतर अर्धा कोर्स डोक्यावरून जाईल. एका दिवसात आटोपतं. कार्ड दोन वर्षांचं, मग पुन्हा उजळणी.

मी मोठ्या रुबाबात गेले होते. मला काय शिकवणार? शिकवायला २४-२५ वर्षांची पोरगी, गोव्याकडची. तिने किट सुटं करून टेबलावर पसरलं आणि म्हणाली, जोडा. मी पटापट जोडलं. ती म्हणाली, "मॅडम, व्हॉल्व्ह उघडताना तुमचं तोंड गेजच्या समोर होतं." खरंच होतं. २९ वर्षांची सवय. दाब दाखवणारा गेज फुटला तर काच कुठे येईल, असा विचार कधी केलाच नव्हता. मग पेशंट झालेल्या मुलाला मी ऑक्सिमीटर लावायला गेले, तर म्हणाली, "आधी मास्क. आकडे नंतर." डोकं खाली, पाय वर करायला गेले, तर तिसऱ्यांदा ओरडा. पूर्वी तसं शिकवत असत, आता नाही. त्याने मेंदूला सूज वाढायची भीती. सपाट झोपवायचं. बेशुद्ध असेल, उलटी होत असेल, तर कुशीवर. जेवणाच्या सुट्टीत मी गप्प होते, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुपारी दाढीवाल्यावर मास्क बसवायचा धडा होता, आणि तिथे मी वसूल केलं. गुच्छेदार मिशा, भरघोस दाढी, मास्कच्या कडेने सगळी गळती. पोरं वरून दाबत होती. मास्क दाबला की जबडा मागे जातो आणि श्वासाची वाट बंद होते. हाडाखाली बोटं घालून जबडा वर उचलायचा आणि मास्ककडे आणायचा, उलट नाही. मी तिघांना हाताला धरून शिकवलं. ती पोरगी तेव्हा मागे उभी राहून बघत होती.

त्याशिवाय श्वास थांबलेल्याला दोघांनी मिळून पिशवीने श्वास देणं, आणि एक कागदी काम, जे मला सगळ्यात मोलाचं वाटलं : बोट सुटण्याआधी लिहून ठेवायचं की फोन कोण करणार, कोणाला करणार, रेंज कुठे येते, सिलिंडरमध्ये दाब किती, जवळचा दवाखाना कुठला. पेशंटचा शेवटचा डाइव्ह किती खोल, किती मिनिटांचा, लक्षणं कधी सुरू झाली, ऑक्सिजन कधी लावला, हेही टिपून त्याच्याबरोबर पाठवायचं. डॉक्टर आधी तेच विचारतात.

प्रश्न : आम्ही दरवर्षी तारकर्लीला जातो. सकाळी डाइव्ह, दुपारी जेवून गाडी काढली की रात्री बार्शीत. डाइव्हनंतर विमानाने जायचं नसतं म्हणतात, मग घाटाचं काय? (बार्शी)

विचारलंत ते फार बरं केलंत. कोकणातून आपल्याकडे यायचं म्हणजे सह्याद्री चढणं आलंच. आंबोली ६९० मीटरवर आहे; तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे आठ टक्के कमी. सोलापूर त्यामानाने खाली, साडेचारशे मीटरच्या आसपास. तुम्ही पर्यटकांचा एकच उथळ डाइव्ह केला असेल, तर घाटाची फार चिंता करू नका. जेवून, थोडं लवंडून निघा. पण प्रमाणपत्र घेतलेला तुमचा मुलगा दोन-तीन दिवस रोज दोनदा १५-२० मीटरवर जात असेल, तर त्याने शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. देवबागला मासे खावेत, दुसऱ्या सकाळी घाट चढावा. विमानाबद्दलचा डॅनचा सल्ला ६१० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू धरतात, आणि आंबोली त्याच्या वर आहे. मीही घाटाला हाच नियम लावते.

विमानाचं स्पष्ट आहे. एकच साधा डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा लागोपाठचे दिवस असतील तर १८ तास, आणि वर येताना नायट्रोजन निघून जायला थांबे घ्यावेच लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झाल्यापासून सकाळी डाइव्ह, दुपारी विमान, रात्री घरी, असे बेत माझ्या कानावर येतात. नका करू. आणि ज्याला काही लक्षण आहे त्याला तर विमानात अजिबात नाही. प्रवासात गुडघा ठणकायला लागला आणि 'गाडीत बसून बसून' असं कोणी म्हणालं, की माझी आठवण काढा. बहुतेकांना लक्षणं पहिल्या २४ तासांतच दिसतात, म्हणजे तुम्ही पंढरपूरच्या अलीकडे-पलीकडे असताना.

प्रश्न : उजनीत बोट उलटली तेव्हा आमच्या भागातली माणसं गेली. बुडालेल्याला हा ऑक्सिजन उपयोगी पडतो का? गावात अजून पालथं घालून पाणी काढतात. (करमाळा तालुका)

२१ मे २०२४. कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या आठवड्यात मी पेपर उघडला नाही.

हो, उपयोगी पडतो. पण ऑक्सिजन यायची वाट बघत बसायचं नाही. बुडालेल्याला सगळ्यात आधी श्वास हवा असतो, कारण त्याचं सगळं बिघडलंय ते श्वास थांबल्यामुळे. बाहेर काढला, हाक मारली, श्वास नाही, तर उताणा झोपवा, हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा दोन श्वास. न थांबता. कोणीतरी १०८ लावा. ऑक्सिजन आला की तो या श्वासांना जोडायचा.

पालथं घालणं, पोट दाबणं, पाय धरून गरगरा फिरवणं, यात वेळ जातो आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. गावात जुनी माणसं ऐकत नाहीत, मला ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना फोन लावायला पाठवा. आणि बाहेर काढल्यावर उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. थोडं पाणी आत गेलेल्या फुप्फुसाला काही तासांनीही त्रास होतो.

प्रश्न : घरी ऑक्सिजन सिलिंडर ठेवलं तर स्फोट होतो का? (एमआयडीसी)

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळायला मदत करतो. तेल, ग्रीस, व्हॅसलिन, डोक्याचं खोबरेल, उन्हासाठी लावलेलं क्रीम, यातलं काहीही हाताला असेल तर आधी हात स्वच्छ पुसा आणि मगच व्हॉल्व्ह. सॅनिटायझर लावला असेल तर पूर्ण वाळू द्या. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. एकदम उघडला की आतला वायू दाबून गरम होतो. पेशंटला आपली सोलापुरी चादर पांघरली असेल, तर ऑक्सिजन चालू असलेला मास्क तिच्यावर काढून ठेवू नका. चादर ऑक्सिजन पिते आणि मग एक ठिणगी पुरते. सिगारेट बोटीच्या दुसऱ्या टोकालाही नाही. सिलिंडरची भराई आणि दाबाची तपासणी परवानाधारकाकडूनच. या नियमांचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे, पेसो म्हणतात त्याला.

प्रश्न : बेंड्स झालेल्याला परत पाण्यात खाली नेऊन बरं करता येतं का? पाणी पाजावं का? चेंबर कुठे आहे? (तीन पत्रांतून)

परत पाण्यात? नाही. झटका आला तर तिथेच बुडेल.

पूर्ण शुद्धीवर असेल, उलटी नसेल, तर घोट घोट पाणी द्या. दारू नको, 'अंगात ऊब येईल' म्हणूनही नको.

मुंबईला कुलाब्यात नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथे पाण्याखालच्या आजारांचं काम चालतं. शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांतही चेंबर असतात, पण ते बरेचदा मधुमेहाच्या जखमांसाठी. डायव्हर घेतीलच असं नाही. म्हणून स्वतः गाडी काढून धडकू नका. जवळच्या दवाखान्यात जा, ऑक्सिजन चालू ठेवा, आणि पुढचा फोन तिथल्या डॉक्टरांना करू द्या.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही म्हणालात की तुमच्या पर्समध्ये सिलिंडरची चावी असते. खरंच? (रेल्वे लाइन्स)

हौ की. चावी, आणि एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत दोन वॉशर. डबी पूर्वी कुंकवाची होती, धुऊन घेतलीय. बोटीवर चढले की आधी सिलिंडरपाशी जाते, चावी लावून क्षणभर उघडते, काटा बघते, बंद करते. बोटवाले हसतात. दोघातिघांनी मात्र पुढच्या खेपेला स्वतःहून चावी दोरीने सिलिंडरच्या गळ्यात बांधून ठेवलेली दिसली.

एकदा विमानतळावर तपासणीत पर्स उघडायला लावली. वर्दीतल्या मुलीने चावी उचलून विचारलं, आजी, हे काय? मी सगळं सांगितलं, डायव्हर, नायट्रोजन, वॉशर. मागे रांग वाढत होती. तिने नीट ऐकून घेतलं आणि चावी ठेवून घेतली. डबी परत दिली. आता चावी चेक-इनच्या बॅगेत जाते, आणि दुसरी एक गाडीच्या डॅशबोर्डमध्ये.